पंच्याऐंशी डिग्रीची अंडी

आमचं अमरावतीत चार टेबलांचं वर्कशॉप आहे. अंडी उबवायच्या मशीनचे कंट्रोलर बनवतो. अशा कामात किस्से साठवावे लागत नाहीत. काही बिघडलं की जो तो आपली बाजू सांगतो, त्याचाच किस्सा होतो!

आतली ऊब मोजणारा सेन्सर आणि कंट्रोलरचा बोर्ड एकाच वायरवर बोलतात. सेन्सरचं उत्तर काही मायक्रोसेकंदांत वाचायचं. उशीर झाला की आकडा चुकला. तो वाचणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहिलेला.

*

पहिल्यांदा आकडे उडायला लागले, तेव्हा चूक शोधायला मी कोडमध्ये एक ओळ टाकली. तिथे पोचलं की स्क्रीनवर छापायचं, ‘इथवर आली’. आकडे एकदम सुतासारखे सरळ! ओळ काढली की पुन्हा उड्या. तिच्यामुळे जो जरासा उशीर व्हायचा, त्यानेच वेळ जुळत होती. आमचे गजभिये सर वैतागून म्हणाले, राहू दे मंग.

आठवड्याने अकोल्याच्या गिऱ्हाइकाचा फोन. “म्याडम, मशीन घडीघडी ‘इथवर आली’ म्हणून राहिली. कोन आली?”

*

ती ओळ काढावीच लागली. मग सरांनी वायरला स्कोपची, म्हणजे वायरवरचा सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राची, पिन लावली. पिन लावली की सगळं नीट, काढली की बिघाड. दोन दिवस हेच.

“दवाखान्यात नेलं की ताप उतरते, तसं हाय हे,” सर म्हणाले.

*

आणि वलगावच्या आमच्या गिऱ्हाईक सुनंदाताईंचा फोन आला. अंडी अठराव्या दिवसाची, पिल्लं निघायला तीनच दिवस, आणि मशीन पंच्याऐंशी डिग्री दाखवतंय. म्हणजे त्या खोट्या आकड्याला भुलून त्याने हीटर बंद केलेला. अंडी गार पडली तर आतली पिल्लं मरणार. मी लॅपटॉप घेऊन निघाले.

पोचले तर ताईंनी हीटर थेट प्लगला जोडलेला. दर थोड्या वेळाने एक अंडं मिटलेल्या पापणीवर टेकवायच्या आणि बटण चालू किंवा बंद करायच्या. जुनी माणसं ऊब अशीच पाहत.

मी शेजारी लॅपटॉप उघडला. शेवटी सापडलं. डिस्प्ले स्वतःवरचा आकडा बदलताना बोर्डाला मध्येच हाक मारायचा आणि वाचायला उशीर व्हायचा. वाचून होईस्तोवर मी बाकीच्या हाका थांबवल्या. शंकेचा आकडा आला तर टाकून द्यायचा, पुन्हा विचारायचं.

साडेसदतीस, अंड्यांना हवं तेवढंच. अर्धा तास पाहिलं, हललं नाही. म्हटलं, ताई, आता हीटर मशीनला जोडा.

ताई प्लग काढेनात. त्यांनी एक अंडं माझ्या हातात ठेवलं. “बराबर हाय का, सांग.”

मी स्क्रीनकडे वळले. ताईंनी स्क्रीनवर पदर टाकला.

“त्याले नाई विचारलं, पोरी. तुले विचारलं.”