दुसऱ्या वाडीला दिलेला शब्द

डॉ. वसुधा टिपणीस यांना मी प्रथम पाहिले ते रोह्याच्या महाविद्यालयात, पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी झालेल्या मुलाखतीत. प्रथिनांच्या व्याख्या पाठ करून गेले होते. बाईंनी एवढेच विचारले, "आज सकाळपासून काय खाल्लंस?"

"रोजा आहे, मॅडम."

बाईंनी ओठांशी नेलेला पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग पहाटे काय खाल्लंस?"

"तांदळाची भाकरी आणि सुकट."

"छान. आता त्या सुकटीतून तुला काय काय मिळालं, ते सांग."

मुलाखत बरीच लांबली. बाईंनी तो पेला पुन्हा उचलला नाही. खाडीकाठच्या आमच्या घरातून इतके शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच. पुढे पीएच.डी.लाही मी बाईंच्याच हाताखाली राहिले.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या यशाबद्दल इतरांनी लिहिले आहेच. मला एका अपयशाबद्दल लिहायचे आहे. बाई मला खऱ्या कळल्या त्या तिथे.

माझ्या संशोधनाचा विषय होता किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय. पेणजवळच्या डोंगरातल्या दोन कातकरी वाड्या आम्ही निवडल्या. एका वाडीतल्या मुलींना रोज नाचणी-अळिवाचा लाडू आणि सोबत आवळा द्यायचा. दुसऱ्या वाडीत फक्त आहाराची माहिती सांगायची, आणि दोन्हीकडचे रक्त तपासून पाहायचे. शास्त्राला अशी तुलना लागते. बाईंना ते पटत होते आणि सलतही होते. म्हणून दुसऱ्या वाडीत सगळ्या आयांसमोर त्यांनी शब्द दिला, "अभ्यास संपला की हेच लाडू तुमच्या पोरींनाही मिळतील. मी स्वतः घेऊन येईन."

"नक्की ना, बाई?" सांगीच्या आईने विचारले. सांगी ही तिथली सर्वांत बडबडी मुलगी. रक्त घेताना घाबरलेल्या पोरींचा हात तीच धरून बसायची.

"नक्की."

पहिल्या वाडीतल्या मुलींचे रक्त सुधारले. आम्ही आनंदात होतो. पण निष्कर्ष हाती येताच महाविद्यालयाच्या समितीने सांगितले, आता आणखी लाडू कशाला? बाई विनवण्या करीत राहिल्या, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून राहिल्या. त्यात वर्ष उलटून गेले. शेवटी त्यांनी घरीच लाडू वळले आणि आम्ही डबे घेऊन पेणला जाणारी एसटी पकडली. तोवर दिवाळी झाली होती. वाडीतली निम्मी घरे वीटभट्ट्यांवर गेली होती. सांगीचे लग्न झाले होते आणि नवऱ्याबरोबर, आईला घेऊन, तीही गेली होती.

भट्टीचा हंगाम संपल्यावर आई परतली, सांगी नाही. ती बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हते, असे डॉक्टर म्हणाले होते.

कळताच बाई वाडीत गेल्या. मी सोबत होते. सांगीच्या आईने आरडाओरडा केला नाही. ती इतकेच म्हणाली, "बाई, तुमी बोलला व्हता. आमी वाट बगली."

परतीच्या एसटीत खांब गाव मागे पडले. मग बाई म्हणाल्या, "लाडवानं ती वाचली असती, असं मी म्हणू शकत नाही, रेहाना. पण नसती वाचली, असंही नाही म्हणता येत गो."

माझ्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक प्रबंधाचे कौतुक करीत होते. बाई मध्येच उभ्या राहिल्या. "दुसऱ्या वाडीतली एक मुलगी वारली. प्रबंधात ते नाही, कारण तोवर अभ्यास संपला होता. अभ्यास संपला की आपला संबंध संपला, असंच आपण मुलांना शिकवत आलो. मीही शिकवलं." मग परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.

त्यानंतर दोन्ही गटांच्या अन्नाची सोय आधी झाल्याशिवाय बाईंनी एकाही विद्यार्थिनीचा विषय मंजूर केला नाही. सोय कुणी करेना. हुशार मुली दुसरे मार्गदर्शक शोधू लागल्या; काही धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला लागल्या. बाईंच्या निवृत्तीनंतर संशोधन केंद्रालाच कुलूप लागले. पहिल्या वाडीतल्या आजच्या मुली अभ्यासापूर्वीच्या मुलींइतक्याच फिकट आहेत. दुसऱ्या वाडीत बाई अजून डबा घेऊन जातात. मुली लाडू खातात. सांगीची आई बाईंना बसायला गोणपाट टाकते, चार शब्द बोलते. लाडवाला मात्र हात लावीत नाही.

या ग्रंथाचे सांगायला मी गेले तेव्हा बाई रागावल्या. "माझा गौरव कसला? जन्मभर पोटभर जेवले, म्हणून पंचाहत्तरीला पोचले. त्यात माझं काय कर्तृत्व?"

बाई, आपली दृष्टी शाबूत राहो, डोंगर चढताना गुडघ्यांनी साथ द्यावी आणि आपण पुष्कळ जगावे, एवढेच मागते. आपल्याला समाधान लाभो, असेही लिहायला घेतले होते. पण आपण ते स्वीकारणार नाही, म्हणून खोडले.