अण्णांच्या साठ गोळ्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी आधीच कबूल करते. सासरी आल्यापासून ऐकतेय, आणि आता तर मलाही पटलंय. पण त्या औषधाच्या दुकानात महिन्याच्या महिन्याला खेटे घालायला एखाद्या संताला जरी पाठवलं असतं, तरी तिसऱ्या महिन्यात त्यानंही काउंटरवर डोकं आपटून घेतलं असतं.

औषध माझं नव्हे, माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ते जिन्यावरून पडले, डोक्याला मार लागला आणि तेव्हापासून त्यांना फिट यायला लागल्या. मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, महिन्याच्या साठ. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की सलग वर्षभर एकही फिट आली नाही, तर अण्णांनी खुशाल एकट्यानं बाहेर जावं, आणि न्हाणीघराची कडीही आतून लावावी. तोवर दार नुसतं लोटायचं आणि बाहेर हाकेच्या अंतरावर कुणीतरी थांबायचं. कुणीतरी म्हणजे कोण, तर मी. आत बहात्तर वर्षांचा माणूस अंघोळ करतोय, बाहेर सून उभी. दर दोन मिनिटांनी अण्णा मुद्दाम खोकायचे, म्हणजे मी समजायचं की सगळं ठीक आहे. आमच्यात त्यावर कधी एक शब्द बोलणं झालं नाही.

अण्णांनी चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात भांडार सांभाळलं. सहीशिवाय त्यांनी मोठ्या साहेबालाही साधा नट दिला नाही म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण घरात नवा साबणही ते जुन्याची चकती दाखवल्याशिवाय काढू देत नाहीत. पण एक आहे. या घरात साबण संपलाय, काडेपेटी संपलीय, असं कधी झालं नाही. पंधरा दिवसांचा माल हाताशी नसेल तर ते भांडार कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कारकिर्दीत मालावाचून एकही मशीन थांबलं नाही, हे त्यांनी मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

आणि अशा माणसाची गाठ पडली उद्याभाऊशी. उद्याभाऊ म्हणजे तो औषधवाला. नाव मीच ठेवलंय. नियम असा की या गोळ्या एका वेळी महिन्याच्याच मिळतात, आणि तीस दिवस भरल्याशिवाय पुढच्या देत नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी गेलं तर कॉम्प्युटर नाही म्हणतो. तिसाव्या दिवशी गेलं तर उद्याभाऊ नाही म्हणतो. माल आला नाही. माल आलाय, पण दोनशे मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत, पाचशेच्या नाहीत. पाचशेच्या आहेत, पण दुसऱ्या कंपनीच्या, आणि डॉक्टरांनी तर कंपनी बदलायची नाही म्हणून ठासून सांगितलेलं. चिठ्ठी जुनी झाली. चिठ्ठी नवी आहे, पण शिक्का पुसट आहे. एकदा तर शिक्का ठळक होता, सही होती, काचेच्या कपाटात गोळ्या मला डोळ्यांनी दिसत होत्या, आणि ज्याच्याकडे कपाटाची किल्ली तो जेवायला गेला होता. नुसता नन्नाचा पाढा. आणि शेवटी मान वर न करता ठरलेलं वाक्य, उद्या या.

उद्या येणं म्हणजे काय ते त्याला काय माहीत! मी कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. मी उठले की माझ्या पुढची बाई हात चोळत बसते, म्हणून तासाभराच्या सुट्टीसाठी सुपरवायझर बाईंच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. आमचे हे बाहेरगावी नोकरीला. फोनवर मला सांगतात, जरा गोडीनं बोलत जा त्यांच्याशी. म्हटलं, या एकदा रजा घेऊन आणि ओता काय गोडी ओतायची ती. त्यावर त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला.

पण एक सांगते, इतकं सगळं करून मी अण्णांची एक गोळी चुकू दिली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तर कहरच झाला. तीन दिवस हेलपाटे घालूनही उद्याभाऊकडे काही मिळेना. दहा गोळ्या एका दुकानातून, दहा दुसऱ्यातून, असं करत करत मी पायांचे तुकडे पाडले. शेवटच्या दिवशी अण्णांची संध्याकाळची वेळ व्हायला वीस मिनिटं असताना घरात पाऊल टाकलं.

घरी आले की माझा पट्टा सुरू व्हायचा. चपला काढायच्या आधीच. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, रांगेतली बाई काय म्हणाली, सगळं. अण्णा रेडिओ बंद करून ऐकायचे. मधेच विचारायचे, शिल्लक किती आहे? मी म्हणायची, शिल्लक कसली, आजची शेवटची. ते मान हलवायचे. मला वाटायचं, चला, या घरात माझं गाऱ्हाणं ऐकणारं एक तरी माणूस आहे. त्या तीन दिवसांच्या हेलपाट्यांनंतर मी फार चिडून बोलले होते. म्हटलं, एक दिवस मीच त्या काउंटरसमोर आडवी पडेन, मग बसा सगळे गोळ्यांची वाट बघत.

अकरा महिने आणि दोन दिवस झाले होते. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच अण्णांना फिट आली. कप फुटला. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं चालली. जीभ चावली गेली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, किती झाले होते? मी सांगितलं, अकरा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेजारच्या मावशींना त्यांच्यापाशी बसवून मी सरळ दुकान गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. भर दुकानात उद्याभाऊला म्हटलं, तू बोगस गोळ्या विकतोस, माझा माणूस मरता मरता वाचलाय. त्यानं आधीच्या मालाचं एक रिकामं पाकीट काढून मी नेलेल्या पाकिटाशेजारी ठेवलं. कंपनी तीच, ताकद तीच, तारीख पुढची. मग पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, "घरी गोळ्या चुकत तर नाहीत ना, ताई?"

"माझ्या घरात गोळी चुकत नाही," मी म्हटलं. असं म्हटलं की मागची दोन माणसं रांग सोडून बाजूला झाली.

आणि वर त्यानं सांगितलं की तीस दिवस भरतात उद्या, आणि माल येणार परवा.

घरी येऊन मी पिशवी आपटली, मावशींना वाटेला लावलं आणि सगळं अण्णांसमोर ओकले. नंतर माझं मलाच आवरेना, तिथंच जमिनीवर बसून रडायला लागले. म्हटलं, उद्या संध्याकाळची शेवटची गोळी, आता फिटसुद्धा आलीय, परवा सकाळी तुम्हाला काय देऊ?

अण्णा उठले. भिंतीला धरत धरत खोलीत गेले आणि चष्म्याचं एक जुनं घर घेऊन आले. माझ्यापुढं उघडलं. आत गोळ्या. कात्रीनं एक एक चौकोन कापलेल्या, दहा दहांना रबर लावलेलं, प्रत्येक गठ्ठ्याला तारखेची चिठ्ठी.

"हे घे," ते म्हणाले. जीभ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. "तीस आहेत. पंधरा दिवसांचा साठा. आता तुला धावायला नको."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. सुटले एकदाची, असं वाटलं. मग डोकं चालायला लागलं.

"कुठून आणल्या, अण्णा?"

"आणल्या नाहीत. बाजूला काढल्या. संध्याकाळची, एक दिवसाआड. परवाच तीस पुऱ्या झाल्या. आता रोज घेणारच होतो." मग खाली बघत म्हणाले, "तू तिथून येतेस ना, तेव्हा तुझ्याकडे बघवत नाही मला."

सकाळची गोळी मी देत होते. संध्याकाळची ते आपल्या हातानं घ्यायचे, तेवढं तरी त्यांचं त्यांना असू दे म्हणून. आणि दोन महिने हा माणूस माझ्या कटकटी ऐकून स्वतःच्या पोटातली गोळी काढून माझ्यासाठी साठवत होता. भांडारात माल कमी पडू नये म्हणून चौतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. महिन्याच्या महिन्याला त्यांच्यापुढं उभी राहून आकांत कुणी केला होता?

डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले की वर्ष आजपासून पुन्हा मोजायचं. आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळी समोर घ्यायला लावा, गिळली की नाही तेही बघत जा. बाजूला कसलं, अण्णा तीन हातांवर बसले होते.

पुढच्या महिन्यात दुकानात गेले तेव्हा मी उद्याभाऊची माफी मागितली. माझ्यासारखीनं माफी मागायची म्हणजे काय दिव्य असतं ते माझं मला ठाऊक. म्हटलं, चूक घरचीच होती, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "पाचशेच्या नाहीत. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मिळाल्या, पण दोन तास उभं करून. शिक्का, कॉम्प्युटर, किल्लीवाला, सगळी आरती झाली. वाटेत प्रत्येक वाक्य जिभेवर नाचत होतं. दारात आले तेव्हा अण्णा माझ्याकडेच तोंड करून बसलेले.

"मिळाल्या?"

"मिळाल्या. गेले आणि घेऊन आले. गर्दीच नव्हती."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन तास झाले."

"भाजी बघत होते."

"मग भाजी कुठंय?"

पिशवीत साठ गोळ्यांशिवाय काही नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले. संध्याकाळची वेळ झालीच होती. त्यांच्या हातावर गोळी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, वर पेलाभर पाणी प्यायले, आणि मी काही म्हणायच्या आत आ करून, जीभ उचलून मला दाखवली.

"मिटा, अण्णा," मी म्हटलं. पण आधी बघून घेतलं.