किल्ली पेटीत

लाइल स्ट्राउडनं तीस वर्षांत जितकी शहरं उडवली, तितकी कुठल्या सेनापतीनंही उडवली नसतील. शहरं प्लास्टरची, दोन पुरुष उंचीची. सुरुंगाची दारू मात्र अस्सल. लॉस एंजेलिसजवळच्या एका शेडमध्ये तो आणि त्याच्या बहिणीचा नवरा मर्ल सिनेमांसाठी स्फोट करायचे. नियम एकच. जो सुरुंग भरायला आत शिरेल, त्यानं स्फोटाच्या पेटीची किल्ली काढून गळ्यात घालायची. मग बटण दाबलं तरी काही होत नसे.

त्या साली दोन स्टुडिओंनी एकदमच आभाळ पाडायचं ठरवलं. एकाच्या सिनेमात धूमकेतू, दुसऱ्याच्यात अवकाशातून कोसळणारा धोंडा. मर्ल धूमकेतूवाल्यांकडे गेला आणि लाइल धोंड्याकडे. तेव्हापासून लाइलला एकच ध्यास: मर्लनं एकदा तोंडानं म्हणावं, तू जिंकलास.

बारमध्ये विषय निघालाच.

"तुमचा धोंडा पडतो की शेकोटी पेटते रे?" मर्ल म्हणाला. "आमचा धूमकेतू समुद्रात पडतो, ती लाट बघ. आख्खं शहर एका फटक्यात साफ!"

"लाटेला लोक जांभया देतील. तिकीट काढतात ते जाळासाठी."

"तुझा धोंडा थंडच पडणार, साल्या!"

बायकोचा भाऊ म्हणून 'साल्या' खरंच होतं, पण लाइलला शिवीच लागली. त्यानं बिअरचा जाड मग मर्लच्या तोंडावर हाणला. दोन दात टेबलावर पडले. मर्लनं त्याचं मुंडकं धरून काउंटरवर आपटलं, पुन्हा आपटलं, कानातून रक्त येईस्तोवर आपटलं.

सोमवारी कानात घंटा वाजत असतानाच लाइलनं प्लास्टरच्या मनोऱ्यात ठरल्याच्या दुप्पट पेट्रोल भरलं. आता बघतो कसा थंड पडतो ते! बाहेर येऊन त्यानं किल्ली पेटीला लावली. एवढ्यात मनोऱ्यातली पेट्रोलची एक नळी सुटलेली दिसली. ऊन उतरत होतं, दिग्दर्शक खेकसत होता. लाइल तसाच पुन्हा आत धावला. पेटीवरच्या माणसानं किल्ली पाहिली. किल्ली पेटीत म्हणजे लाइल बाहेर. तीस वर्षं याचा दुसरा अर्थ झालाच नव्हता. त्यानं नेमाप्रमाणे तीनदा आरोळी दिली. लाइलला ऐकू आली नाही.

शहरांवर धोंडे पाडणाऱ्यानं शेवटी स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. अर्धा चेहरा भाजला, डावा कान कायमचा गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी उरली. मधल्या तीन बोटांपैकी दोन ढिगाऱ्यात सापडली.

शॉट मात्र देखणा आला होता, स्टुडिओनं तो ठेवला.

धोंड्याचा सिनेमा थिएटरात लागला तेव्हा मर्ल लाइलच्या डाव्या बाजूला बसला. मनोरा फुटला, जाळ पडदाभर उसळला, आणि लोक उभे राहून शिट्ट्या मारू लागले. आत कोण होतं हे त्यांना कुठं ठाऊक! मर्लला बघवेना. "जिंकलास रे, बाबा," तो पुटपुटला.

लाइल वळला. "काय म्हणालास?"

मर्लनं त्याच्या भाजलेल्या गालाकडे पाहिलं. आता पुन्हा म्हटलं तर ती कीवच वाटली असती.

"म्हटलं, थंडच पडला तुझा धोंडा, साल्या!"

लाइल वर्षभरात पहिल्यांदा हसला आणि मर्लच्या छातीत त्यानं गुद्दा घातला. अंगठा-करंगळीचा गुद्दा तो, कितीसा लागणार! पण मर्ल तोंड झाकून रडायला लागला.