ओढणीखालचे पाय

आमच्या घाटंजीकडे कापूस विकेपर्यंत घरातच भरून ठेवतात. त्या ढिगावर नणंदेनं कौतुकानं बसवलेली माझी दीड वर्षाची लेक घसरली, उंबरठ्यावर आदळली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. यवतमाळच्या दवाखान्यात तिचे दोन्ही पाय पट्ट्यांनी गुंडाळून वरच्या दांडीला सरळ टांगले. दोऱ्यांना वजनं, कुल्ले गादीपासून जरासे उचललेले. इतक्या लहान लेकराचं हाड असंच ओढून धरतात, म्हणजे सरळ जुळतं. सिस्टरनं बजावलं होतं, बोटं उघडी ठेवा, बघत राहा.

मग भेटायला माणसं येऊ लागली. सासरे, मोठे दीर, गावातले पुरुष. लेकीच्या अंगात नुसतं झबलं, तेही गळ्याशी गोळा झालेलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरीची जात हाय, झाक वं तिले."

मी तशी फटकळ. घरात कुणाचं ऐकून घेत नाही. पण तेव्हा उलट बोलले नाही, कारण लाज मलाही वाटत होती. माझी ओढणी दांडीवरून सोडली, सेफ्टी पिना लावल्या आणि तिचे पाय पार बोटांपर्यंत झाकले. किती नीट केलं, असं कुणीतरी म्हणालं. मला बरं वाटलं. हे लिहिताना मान वर होत नाही.

दुपारी ती रडायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर लागली म्हणून आम्ही मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. रडून रडून ती नुसती कण्हायला लागली, तेव्हा सिस्टर आली आणि तिनं ओढणी ओढून काढली. डाव्या पायाची बोटं जांभळी पडली होती, थंडगार. पट्टी काचली होती. तिनं ती कात्रीनं कापली, डॉक्टरांना हाक मारली. पाय वाचेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ओढणी कुणी टाकली, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"मी टाकली," मी म्हणाले.

बोटांत रंग परतायला फार वेळ लागला. तोवर मी तो पाय धरून बसले होते, सगळ्यांसमोर, उघडा.

आता ती अंगणभर धावते. आंघोळीनंतर तशीच पळाली की सासूबाई अजूनही ओरडतात, झाक तिले. मी फ्रॉक घेऊन मागे धावते, तिला पकडते आणि आधी डाव्या पायाची बोटं दाबून पाहते. तिला वाटतं, आई गुदगुल्या करते. ती खदखदून हसते, आणि मला तिच्याकडे पाहवत नाही.