रडणं ऐकत रोवणारी

रोवण्यात बाकीच्या बायांचे हात पोर रडलं की थांबत. सीतावैनीचे हात पोर गप झालं की थांबत. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही; पण न पाहिलेलं मी सांगत नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. बोदलकसा तलावाखाली पाटलाच्या शेतातल्या बांध्यांत आमचा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चाले. परह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या मी बायांपुढं टाकत जायचो. सीतावैनी आमची शेजारीण. नवरा गोंदियाच्या राइस मिलमध्ये, बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. ओळीत वैनी सगळ्यांत पुढं असे. तिचा हात चालेल तशी सारी ओळ चाले, आणि त्याचा तिला मान होता. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला तिच्या यमुनेची झोळी टांगलेली. यमुना तान्ही, पण रडायची अशी की तलावापलीकडं ऐकू जावं.

बाकीच्या झोळ्या शांत असत. त्या बाया सकाळी तिळाएवढी अफू बोटावर घेऊन पोराला चाटवत. पोर दुपारपर्यंत निजे. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईनं करावं तरी काय? वैनी मात्र चाटवायची नाही. बाया चिडत, कारण एकटीचं रडणं ऐकून सगळ्या लेकुरवाळ्यांना पान्हा फुटे, लुगडी भिजत. एकीनं टोमणा मारला, ही पोरगी आहे की मिलचा भोंगा? वैनी वाकलेलीच म्हणाली, "भोंगा वाजते तवाच मिल चालते, बाई."

मधेच यमुना गप झाली की वैनी हातातली पेंढी टाकून धुऱ्याकडं धावे. चिखलाचे हात मागं धरून झोळीत कान लावी. श्वास ऐकला की परत चिखलात. तोवर ओळ खोळंबलेली.

एकदा मी म्हटलं, निजू द्या की वैनी, तुम्हालाही आराम. ती पायाच्या चिखल्यांना तेल लावत बसली होती. तेलाचं बोट तिनं माझ्यापुढं धरलं. मग म्हणाली, "पयला पोरगा असाच निजला, भाऊजी. ह्याच बोटानं चाटवली होती मी."

खोळंब्याची गोष्ट पाटलाच्या कानावर गेली. छत्री घेऊन तो धुऱ्यावर आला. पोरीला अफू दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असं सगळ्यांसमोर बोलला. मजुरीचं धान आलं नाही तर वैनीची चूल पेटणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. वैनीनं कंबर सरळ केली.

"पाटीलजी, पोरगी रडून राह्यली म्हनून माहे हात चालून राह्यले. तिले गप कराल तं हात कोठून आनू?"

असा हात पाटलाला दुसरा मिळणार नव्हता. त्यानं तिला घालवलं नाही, पण पुढची जागा काढून घेतली आणि ओळीच्या शेवटाला, मोहाजवळ उभं केलं. वैनी एवढंच म्हणाली, "मांगं तं मांगं." त्या संध्याकाळी घरी येताना ती वाटेत पुन्हापुन्हा बसली.

पुढं तिला आणखी लेकरं झाली. दर खेपेला तीच झोळी, तेच रडणं, तीच धावपळ. पुढची जागा तिला परत मिळाली नाही. थकलात का विचारलं तर म्हणे, "थकाले बसाव लागते, भाऊजी. मी कोठं बसून राह्यली?"

यमुना बारा वर्षांची झाली त्या साली वैनी तापानं पडली, ती उठली नाही. शेवटच्या सकाळी यमुना पायथ्याशी बसून मोठ्यानं रडत होती. म्हाताऱ्या बायांनी तिला दटावलं, गप बस, मायला सुखानं जाऊ दे. पोरीनं तोंडात पदर कोंबला.

घर शांत झालं, तशी वैनीनं डोळे उघडले. झोळी शोधावी तसा तिचा हात गोधडीवर चाचपडू लागला. बायांना काही कळेना.

मी दारात उभा होतो. अशा वेळी पुरुषानं मधे बोलू नये म्हणतात. मी बोललो. "रडू द्या तिले."

यमुनेनं तोंडातला पदर काढला आणि ती पुन्हा मोठ्यानं रडू लागली. वैनीचा हात हळूहळू निवला.