नरकवाले याकोबबाबा

याकोबबाबांच्या डाव्या हाताचा तळवा ज्याने एकदा पाहिला तो विसरला नाही. कातडी मेणासारखी गुळगुळीत, गोळा झालेली, आणि मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. तो हात त्यांनी स्वतःच जाळून घेतला होता. नागपूरजवळच्या खाप्याच्या आठवडी बाजारात ते नरकावर बोलत होते. ऐकणाऱ्यांतला एक जण हसला आणि म्हणाला, "आग आग करून राहिले बाबा, पण ते आग पाहिली कोणं?" शेजारी फुटाणेवाल्याची भट्टी होती. बाबांनी तिच्यात हात घातला, निखारा उचलला आणि मूठ मिटून उभे राहिले. मांस जळल्याचा वास सुटला. बायका किंचाळत पळाल्या, फुटाणेवाला तर रडायलाच लागला. बाबा म्हणाले, "हे एका घडीचं हाये गा. तिथं घडीच नाही." आणि मग खाली कोसळले.

मी तेव्हा नागपुरातल्या एका मिशनच्या इस्पितळात नर्स होते. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. महिनाभर त्या हाताची मलमपट्टी मी केली, तिथून आमची ओळख. बाबा मिशनचे उपदेशक. गावोगावच्या बाजारांत उभं राहून येशूची गोष्ट सांगायची हे त्यांचं काम. पण त्यांच्या तोंडी ती गोष्ट लवकरच नरकावर येई, म्हणून लोक त्यांना 'नरकवाले बाबा' म्हणत. जन्म उमरेडकडच्या हातमागवाल्या घरातला, तेव्हाचं नाव शिवा. पण मागावर बसायच्या वयात ते महालातल्या एका आखाड्यात गेले आणि कुस्तीपेक्षा मारामारीतच जास्त रमले. एकदा त्यांनी एका माणसाचा हात खांद्यातून उपटल्यासारखा मोडला. तो माणूस पुढे ताप चढून गेला. त्याच सुमारास कोणा पाद्र्याच्या तोंडून नरकाचं वर्णन त्यांच्या कानावर पडलं. "मी प्रेमानं नाही आलो पोरी," ते मला सांगत, "भ्यानं आलो. समोरून कोणं बोलावलं म्हून नाही, मागं आग लागली म्हून पळत आलो."

इस्पितळात त्यांची धास्तीच असे. कोणी शेवटच्या घटका मोजतंय असं कळलं की ते येत, त्या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवत आणि ओरडत, "नाव घे! येशूचं नाव घे!" आमच्या डॉक्टर मॅडमनी दोनदा त्यांना वॉर्डातून हाकललं. मीही एकदा रागाने म्हटलं, "बाबा, मरणाऱ्याला सुखाने मरू तरी द्या." ते म्हणाले, "घर पेटलं तर आतमध्ये झोपलेल्याले तू हळूच उठवते काय वं?" पटकी आली तेव्हा हाच माणूस कुहीकडच्या खेड्यांतून ओकाऱ्या-जुलाबांनी भरलेली माणसं पाठीवर घेऊन इस्पितळापर्यंत चालत आला होता. त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच होती.

त्यांचा खरा वैरी हिंदू नव्हता, मुसलमान नव्हता. तो होता सामुएलराव नावाचा एक किडकिडीत ख्रिस्ती माणूस. नगरकडचा, रविवार सोडून शनिवार पाळणाऱ्या पंथाचा, आणि धर्माची पुस्तकं खांद्यावरच्या झोळीतून विकत फिरणारा. त्याचं म्हणणं असं, की मेलेल्या माणसाचा आत्मा कुठेच जात नाही. तो झोपतो. शेवटच्या दिवशी देव उठवील तेव्हा उठेल. आणि दुष्टाला देव जाळून संपवील, कायमचा जळत ठेवणार नाही. एका दुपारी हे त्याने आमच्या इस्पितळाच्या ओट्यावर बसून, बाबांच्या देखत सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे नरक खोटा?" सामुएलराव शांतपणे म्हणाला, "तुम्ही सांगता तसा नरक खोटा." पुढचं मी नीट पाहिलंही नाही. हाड मोडल्याचा आवाज तेवढा ऐकला. सामुएलराव पायऱ्यांवरून खाली गेला होता, त्याचे पुढचे दोन दात धुळीत पडले होते, आणि बाबा त्याच्या छातीवर गुडघा देऊन आणखी एक ठोसा उगारत होते. तिघांनी मिळून त्यांना ओढलं.

सामुएलरावाचा जबडा बांधून ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो बाबा त्याच्या खाटेशी पेज घेऊन बसलेले. फटीतून एकेक चमचा आत सोडत होते. "पी गा," म्हणत होते, "पण तू बोलला ते खोटंच हाये." तीन आठवडे रोज आले. सामुएलरावाला बोलता येऊ लागलं तेव्हा तो मला म्हणाला, "बाई, ह्यांचा देव ह्यांच्यासारखाच आहे. आधी मारतो, मग पेज पाजतो."

बाबांना दानिएल नावाचा एकच मुलगा होता. त्याची आई, बाबांची बायको, तिने बाप्तिस्मा घेतला नाही. नवऱ्याने धर्म बदलला तरी ती आपल्या देवांपाशीच राहिली आणि प्लेगात गेली. दानिएल तेव्हा लहान होता. त्याने बापाला विचारलं, माय कुठे आहे? आणि बाबांनी त्याला सांगितलं, माय नरकात आहे. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. मी विचारलं, "पोराला असं सांगितलंत?" त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "बाजारात सांगायचं अन् घरात खोटं बोलायचं काय?" पुढे दानिएल गिरणीत कामाला लागला आणि चर्चला यायचा बंद झाला. बापाने त्याला मारून पाहिलं, पट्ट्याने, काठीने. शेवटच्या वेळी दानिएलने काठी धरली आणि मोडून टाकली. "ज्यानं माझ्या मायले जाळलं," तो म्हणाला, "त्याच्यापुढं मी गुडघे टेकू?" त्या दिवसापासून बापलेक बोलत नव्हते.

गिरणीत संप होता तेव्हाची गोष्ट. फाटकापाशी कामावर जाणारे आणि त्यांना अडवणारे भिडले. दानिएल अडवणाऱ्यांत होता. महादू नावाच्या एका कामगाराने त्याच्या बरगड्यांखाली सुरा खुपसला आणि फिरवला. दुसऱ्या कोणी महादूच्या डोक्यात दगड घातला. भर दुपारी दोघांना एकाच टांग्यात घालून आमच्याकडे आणलं. टांग्याच्या फळीवरून दोघांचं रक्त मिळून खाली गळत होतं. दानिएलच्या पोटावर मी दोन्ही हातांनी फडकी दाबून धरली होती, पण माझ्या बोटांमधून रक्त येतच राहिलं. तो माझ्या हाताखालीच गेला.

बाबा आले तेव्हा मी त्याचा चेहरा पुसत होते. ते मुलाजवळ गेले नाहीत. दारातच थांबून त्यांनी मला विचारलं, "त्यानं नाव घेतलं काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. कोणीही बोललं असतं. पण हा माणूस आपल्या लहान मुलाशीदेखील खोटं बोलला नव्हता, आणि त्याचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "नाही बाबा. 'माय' म्हणाला."

त्यांनी मान हलवली आणि वळले. ते कुठे चाललेत हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. महादूही इथेच आहे, हे त्यांना बाहेरच कळलं होतं. मी पुरुषांच्या वॉर्डात पोचले तेव्हा त्यांनी महादूला खाटेवरून खाली ओढलं होतं. एक गुडघा छातीवर, दोन्ही हात गळ्याभोवती. महादूच्या डोक्याचं बँडेज सुटलं होतं, त्याचे डोळे बाहेर आले होते, टाचा फरशीवर आपटत होत्या. मी बाबांच्या दंडाला लोंबकळले, त्यांनी मला झटकून भिंतीवर फेकलं. आणि तेवढ्यात ते शब्द ऐकू आले.

"नाव घे," बाबा म्हणत होते. "मरायच्या अगोदर नाव घे. येशूचं नाव घे, मंग मारतो."

आपल्या मुलाचा खून करणाऱ्यालाही त्यांना नरकात पाठवायचं नव्हतं. त्याला बोलता यावं म्हणून त्यांनी पकड सैल केली. महादूने एकदा श्वास ओढला आणि जीव वाचवायला सुचेल ते केलं. "येसू," तो ओरडला. "येसू, येसू!"

बाबांचे हात तिथेच थांबले. ते त्या माणसाच्या अंगावरून बाजूला झाले. मग उठून भिंतीला टेकून बसले. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला आजही सांगता येणार नाही. "तीन डाव घेतलं," ते मला म्हणाले. "आता हा वरतं जाईन. अन् माझा दान्या..." पुढचा शब्द त्यांना बोलता आला नाही. उभ्या जन्मात हजारो माणसांना सांगितलेला तो शब्द.

मुलाच्या पुरण्यावरूनही अडचण आली. बरीच वर्षं चर्चला न आलेल्याला ख्रिस्ती कबरस्तानात घ्यायला मंडळी कांकू करत होती. शेवटी भिंतीलगतचा खडकाळ कोपरा मिळाला. आमची स्वयंपाकीण मरियमबाई रोमन कॅथलिक. तिने दानिएलसाठी मेणबत्ती लावली. तिच्या धर्मात स्वर्ग आणि नरकाच्या मध्ये आत्मे शुद्ध होण्याची एक जागा असते, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने तिथला आत्मा सुटतो. बाबांनी लाथेने ती मेणबत्ती उडवली. "मधात काही नाही!" ओरडले. मग पहार उचलून एकटेच तो खडक फोडू लागले. कोणाला हात लावू देईनात. हातांची सालटं निघाली, पहार रक्ताने लाल झाली.

अर्ध्या खड्ड्यावर सामुएलराव आला. पुढचे दात नसलेला, झोळी खांद्याला. बाबांनी त्याला ढकललं, तो पडला, उठला, आणि फावडं घेऊन माती उपसू लागला. बाबा खोदता खोदता थांबले.

"सांग गा," ते म्हणाले. "तुझं ते सांग. आता कुठं हाये तो?"

"झोपलाय, बाबा."

"आग?"

"नाही. आग नाही, अंधार नाही, त्याला काही कळतच नाही."

"अन् शेवटी? उठोल्यावर?"

सामुएलरावाने फावडं खाली ठेवलं. तोही खोटं बोलणारा माणूस नव्हता. "ज्याने देवाला नाकारलं," तो सावकाश म्हणाला, "तो संपतो. राहत नाही."

बाबा खड्ड्यात उभे होते, छातीपर्यंत जमिनीत. "नाही," ते म्हणाले. "तुझ्यात तर तो नाहीच. माझ्यात कुठी का होईना, हाये तरी." आणि पुन्हा पहार उचलली.

महादू वाचला. त्याला जन्मठेप झाली. बाबांनी उपदेशकाचं काम सोडलं. बाजारात उभं राहिलेलं त्यांना नंतर कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी ते सामुएलरावाच्या खोलीवर जाऊन बसत. दोघं भांडतही नसत. एक वाचायचा, दुसरा ऐकायचा आणि मधेच मानेने 'नाही' म्हणायचा.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात बाबांची छाती भरली. आमच्याच वॉर्डात होते, सकाळची वेळ, खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. पाद्रीसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळुवारपणे म्हणाले, "बाबा, प्रभूचं नाव घ्या." बाबांनी तो हात इतक्या जोराने झटकला की तो खाटेच्या लोखंडावर आपटला. ओठ घट्ट मिटून घेतले. पाद्रीसाहेबांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग ते डोळे पुसत बाहेर गेले.

मी वाकून म्हटलं, "बाबा, असं काहून करता? तुम्हाला भीती नाही वाटत?"

आयुष्यभर त्या आगीला भ्यालेला तो माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, "भ्यायचं काहून वं? तिथं माझी बायको हाये. पोरगा हाये. मी एकटाच वरतं जाऊन काय करू?"

ऊन खाटेवरून सरकायच्या आत ते गेले.

सामुएलरावाने आणि मी मिळून त्यांना त्या भिंतीलगतच्या कोपऱ्यातच ठेवलं. ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली, मी म्हातारी झाले, सामुएलरावही गेला. मी आजही रविवारी चर्चला जाते, गुडघे टेकते. देवाजवळ बाकी काही मागत नाही. एवढंच म्हणते, की देवा, बाबांचं आणि सामुएलरावाचं, त्या दोघांचंही चुकलेलं असू दे.