प्रसादानंतरचं बटण

"कॉम्प्युटर तुमच्या हाताने सुरू होतो, हिच्या हाताने होत नाही. दोष हातगुणाचाच!" नाना म्हणाले आणि वैशालीताईंचा चेहरा पडला.

नाना म्हणजे नशिराबादजवळच्या एका डाळ मिलचे मालक. वैशालीताई तिथे नव्यानेच लागलेल्या कॉम्प्युटर ऑपरेटर. मी जळगावहून स्कूटरवर फिरणारा हार्डवेअर इंजिनिअर. गोष्ट नव्वदच्या दशकातली.

रोज सकाळी तेच रडगाणं. बटण दाबलं की कॉम्प्युटर मेमरी मोजायला लागायचा, निम्म्यातच गोठून पडायचा. लगेच नाना ओरडायचे, "अपशकुन! इंजिनिअर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." दुपारी मी पोहोचायचो, बटण दाबायचो आणि गडी मुकाट सुरू! मी रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. अहो, शेवटी कीबोर्डसुद्धा बदलला. डोकं चालेनासं झालं की आम्ही कीबोर्ड बदलतो.

"सोमवारपासून दुसरा ऑपरेटर बघतो," नाना म्हणाले.

"नाना, उद्या सकाळीच येतो. तोवर काही ठरवू नका." बाईंची नोकरी जाणार आणि ती माझ्या अडाणीपणामुळे, हे मला सहन होईना.

सकाळी पोहोचलो तर आरती चाललेली. ती संपली, नानांनी घंटा वाजवली आणि मिलमधल्या मोटरी धडाधड सुरू झाल्या. त्याच घंटेला ताईंनीही बटण दाबलं. नानांच्या वडिलांपासूनचा नियम होता, घंटा झाली की प्रत्येक यंत्र चालू. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे मान टाकली.

धुळ्याकडचे म्हातारे मिस्त्री आबा देवापुढच्या बल्बकडे बोट दाखवून हसले. "भाऊ, मोटर सुरू व्हस तव्हय बल्ब बी मंद व्हस. तुना डबा काय करी बिचारा?"

मी कपाळावर हात मारला. मोठी मोटर सुरू होताना क्षणभर भसकन करंट ओढते, बाकीच्यांना उपाशी ठेवते. दुपारी मोटरी आधीच चालू असायच्या, म्हणून माझ्या हाताला यश!

"आबा, आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारं कव्हय?"

कॉम्प्युटर मोटरींनंतर पाच मिनिटांनी लावा, एवढंच मी सुचवलं. नाना मात्र अडून बसले. "म्हणजे वडिलांचा नियम मोडू?"

"नियम कशाला मोडायचा, नाना?" ताई पहिल्यांदाच बोलल्या. "घंटा झाली की मी आधी सगळ्यांना प्रसाद वाटते, मग बटण दाबते. प्रसाद घेतल्याशिवाय काम सुरू करणं बरं दिसतं का?"

नानांनी शिऱ्याचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. ताईंनी यंत्र बंद केलं, हमालांपासून आबांपर्यंत सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवला आणि मग बटण दाबलं. मेमरी मोजून झाली. टूं करून आवाज आला, स्क्रीनवर अक्षरं उमटली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मला तर नाचावंसं वाटलं.

नानांनी स्वतः उठून ताईंच्या हातावर शिऱ्याचा मोठा गोळा ठेवला. "हातगुण चांगला आहे पोरी तुझा. उद्यापासून घंटाही तूच वाजव."

तेव्हापासून सकाळी अडखळणाऱ्या कॉम्प्युटरचा फोन आला, की स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी मी विचारतो, "तुमच्याकडे पूजा किती वाजता असते?"